वाढत्या अंगाचा झगा : न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी



रमझान अर्धा सरला की शिंप्यांच्या दुकानांत गर्दी होऊ लागते. आई मुलाचा हात धरून येते, शिंपी माप घेतो आणि आई त्याला न विसरता बजावते, की कपडा वाढत्या अंगाने शिवा. मग ईदच्या सकाळी ईदगाहच्या वाटेवर बोटांपर्यंत बाह्या आलेले, खांदे खाली उतरलेले कितीतरी छोटे नवाब आपल्याला दिसतात. त्यांना कोणी हसत नाही. मूल वाढणार आहे आणि पुढच्या ईदेला तोच कपडा त्याच्या अंगाला बसणार आहे, हे सर्वांना ठाऊक असते. मात्र मूल वाढलेच नाही, तर तो कपडा जन्मभर दुसऱ्याचाच वाटत राहील.

माणसाच्या आत्मविश्वासाचे आणि अधिकाराचेही असेच आहे. आपल्या गावातून पुण्या-मुंबईकडे शिक्षणासाठी, नोकरीसाठी जाणारी मुले-मुली पाहा. त्यांतली कित्येक आपापल्या घरातली पहिलीच शिकणारी असतात. मुलाखतीच्या खोलीत गेल्यावर त्यांची मान खाली जाते, आवाज बसतो. आपल्याला अजून सगळे येत नाही, मग ठासून कसे बोलावे, असा त्यांचा प्रामाणिक प्रश्न असतो. दुसऱ्या बाजूला, काहीच न शिकता नुसत्या थाटावर वेळ मारून नेणारेही आपण रोज पाहतो. पहिला संकोचाने मागे राहतो, तर दुसऱ्याची तोंडपाटीलकी फार दिवस चालत नाही. या दोहोंच्या मधली वाट कोणती, हे समजून घ्यायचे असेल तर मुंबईच्या एका थोर पुरुषाचे चरित्र आपण वाचले पाहिजे. ते पुरुष म्हणजे न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी होत. वयाच्या तेविसाव्या वर्षी त्यांनी बॅरिस्टरचा झगा अंगावर चढवला, तेव्हा तो त्यांनाही वाढत्या अंगाचाच होता.

बद्रुद्दीन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत झाला. त्यांचे वडील मुल्ला तय्यब अली हे खंबायतहून मुंबईस येऊन स्थायिक झालेल्या सुलेमानी बोहरा घराण्यातील व्यापारी होते. तो काळ तुम्ही डोळ्यांपुढे आणा. इंग्रजी शिकणे म्हणजे दीन गमावणे, अशी समजूत मुसलमान समाजात खोलवर रुजलेली होती. १८५७ च्या उठावानंतर तर सरकारचा संशय आणि समाजाची कटुता दोन्ही वाढली. अशा दिवसांत तय्यब अलींनी आपल्या मुलांना शिक्षणासाठी थेट युरोपात धाडले. त्यांचे चिरंजीव कमरुद्दीन हे सॉलिसिटर झालेले पहिले भारतीय मानले जातात. दूरदृष्टीचा बाप लाभणे हे भाग्यच होय आणि बद्रुद्दीन यांच्या यशाचा अर्धा वाटा त्या बापाच्या पदरात टाकला पाहिजे.

बद्रुद्दीन यांचे प्रारंभीचे शिक्षण मदरशात झाले. तेथे उर्दू-फारसीचा पाया पक्का झाल्यावर ते एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये गेले. लहानपणापासून त्यांचे डोळे अधू होते. इलाजासाठी त्यांना फ्रान्सला पाठवण्यात आले आणि १८६० साली, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास, ते इंग्लंडमध्ये शाळेत दाखल झाले. सुएझचा कालवा तेव्हा खुला झालेला नव्हता. तो १८६९ मध्ये झाला. म्हणजे बोटीने सुएझपर्यंत, तेथून इजिप्तच्या भूमीवरून रेल्वेने आणि पुन्हा बोटीने, असा तो प्रवास असे. १८६३ मध्ये त्यांनी लंडनच्या मिडल टेंपल या कायद्याच्या संस्थेत नाव नोंदवले.

परंतु नशिबाने येथेच आडकाठी घातली. दृष्टी इतकी बिघडली की १८६४ मध्ये अभ्यास अर्धा टाकून त्यांना मुंबईला परतावे लागले. वकिलीचा धंदा हा वाचनाचा धंदा आहे. ज्याचे डोळे साथ देत नाहीत त्याने हा नाद सोडावा, असे कोणीही सांगितले असते. बद्रुद्दीन यांनी तो सोडला नाही. वर्षभर विश्रांती घेऊन, १८६५ मध्ये निकाह करून ते पुन्हा इंग्लंडला गेले. एप्रिल १८६७ मध्ये ते बॅरिस्टर झाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबई हायकोर्टात त्यांनी आपले नाव नोंदवले. मुंबईचे ते पहिले भारतीय बॅरिस्टर होत.

वाचकहो, हा पहिला शब्द उच्चारायला सोपा आहे. पण त्याचा अर्थ काय होता ते नीट पाहू या. मुंबई हायकोर्टाची स्थापना १८६२ ची, म्हणजे ते न्यायालयच अवघे पाच वर्षांचे होते. न्यायासनावर इंग्रज आणि समोर बॅरिस्टरांच्या बाकावरही इंग्रजच बसत. पक्षकार मात्र बहुतेक आपलेच असत. त्याच्या आदल्याच वर्षी, १८६६ मध्ये, मुंबईच्या खोजा जमातीचा सुप्रसिद्ध आगाखान खटला याच हायकोर्टात न्यायमूर्ती अर्नुल्ड यांच्यापुढे चालला. मुसलमानांच्या एका जमातीचा इतिहास काय, तिचे धर्मगुरू कोण, तिच्या मालमत्तेवर हक्क कोणाचा, या गोष्टींचा निवाडा तेथे झाला. पण तो करणारे आणि त्यासाठी भांडणारे बॅरिस्टर इंग्रज होते. घर आपले, भांडण आपले आणि बोलणारे तोंड मात्र परक्याचे, अशी ती स्थिती होती.

शिवाय त्या धंद्याची रीतही तुम्ही ध्यानात घ्या. हायकोर्टाच्या मूळ शाखेत पक्षकार बॅरिस्टरकडे सरळ जात नसे. तो सॉलिसिटरकडे जाई; सॉलिसिटर कागदपत्र जुळवून ब्रीफ तयार करी आणि ते आपल्या पसंतीच्या बॅरिस्टरकडे पाठवी. म्हणजे नव्या बॅरिस्टरवर आधी सॉलिसिटरचा विश्वास बसला पाहिजे, मग पक्षकाराचा आणि शेवटी न्यायाधीशाचा. काम मिळाल्याशिवाय अनुभव नाही आणि अनुभवाशिवाय काम नाही, असे हे कोडे आहे. आज नोकरीच्या जाहिरातीतली अनुभवाची अट वाचून जो तरुण हताश होतो, त्याला हे कोडे चांगले परिचयाचे आहे. बद्रुद्दीन यांच्या बाबतीत त्यात आणखी एक गाठ होती. हिंदी माणूस हे काम करू शकतो की नाही, याविषयीच शंका होती आणि तिचे उत्तर द्यायला आधीचा एकही दाखला नव्हता.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. बद्रुद्दीन हे गरिबाघरचे नव्हते. घरात पैसा होता आणि थोरला भाऊ स्वतः सॉलिसिटर असल्याने त्या दुनियेची रीतभात त्यांना परकी नव्हती. हे सांगितले नाही, तर आमच्या गरीब विद्यार्थ्यांवर अन्याय होईल. पण भाऊ फार तर दारापर्यंत पोहोचवू शकतो. आत न्यायाधीशासमोर उभे राहिल्यावर माणूस एकटाच असतो. तेथे श्रीमंती बोलत नाही आणि भाऊबंदही मदतीला येत नाहीत.

आता विचार करा, तेवीस वर्षांचा तरुण तेथे उभा राहिला की त्याने काय करावे? आपण नवखे आहोत, सांभाळून घ्यावे, असे तो न्यायाधीशाला सांगू शकत नाही. ज्याची पेढी, ज्याचे घर, ज्याची अब्रू त्या खटल्यात अडकलेली आहे, त्या पक्षकाराला अशा नम्रतेचा काय उपयोग? त्याला ताठ उभा राहणारा आणि स्वच्छ, निर्भय आवाजात बोलणारा वकील हवा असतो. म्हणून तेथे आत्मविश्वास दाखवणे ही बढाई ठरत नाही; ते दुसऱ्यासाठी पार पाडायचे कर्तव्यच असते. मात्र हा आत्मविश्वास ज्ञानाच्या आधी येत असल्यामुळे तो दाखवणाऱ्यावर एक जबाबदारी पडते. दिवसा कोर्टात जो अधिकार दाखवला, तो रात्री दिव्याखाली कमवावा लागतो. कागद न कागद वाचावा लागतो, आधीचे निवाडे शोधावे लागतात, समोरचा काय बोलेल याची अटकळ बांधावी लागते. अधू डोळ्यांच्या माणसाला या वाचनाची किंमत काय पडत असेल, याची कल्पना तुम्हीच करा. काही वर्षांतच मुंबईच्या अग्रगण्य बॅरिस्टरांत त्यांची गणना होऊ लागली. नुसत्या थाटावर एखाददुसरा दिवस निभावतो. असा लौकिक वर्षानुवर्षे टिकत नाही.

बद्रुद्दीन यांनी आपले बोलणे इंग्रजांच्या तोडीचे केले. परंतु त्यासाठी आपली ओळख टाकली नाही. त्यांच्या छायाचित्रांत दाढी आणि पगडी ठसठशीत दिसतात. त्यांच्या घरी पूर्वी गुजराती बोलली जाई, पुढे कुटुंबाने उर्दू जवळ केली. इंग्रजीत बोलायचे म्हणजे आपण कोण आहोत ते विसरायचे, असे त्यांना कधी वाटले नाही. आजही बाहेरगावी गेलेली आपली काही मुले आपल्या नावाचा, गावाचा, भाषेचा उच्चार दबक्या आवाजात करतात. त्यांनी हे छायाचित्र एकदा निरखून पाहावे.

हायकोर्टात पाय रोवताच बद्रुद्दीन सार्वजनिक कार्यात उतरले. १८७३ मध्ये ते मुंबई महानगरपालिकेचे सभासद झाले. पुढच्याच वर्षी, १८७४ मध्ये, बंधू कमरुद्दीन आणि मुंबईतील इतर मुस्लिम धुरिणांच्या साथीने त्यांनी अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. तेव्हा बद्रुद्दीन अवघे तिशीचे होते. ते आणि त्यांचे साथीदार शिक्षणशास्त्राचे पंडित नव्हते. मुसलमान मुलांना आधुनिक शिक्षण कसे द्यावे, दीनी तालीम आणि इंग्रजी विद्या यांची सांगड कशी घालावी, याचा तयार नमुना मुंबईत त्यांच्यापुढे नव्हता. तरीही आम्ही हे करणार, असे त्यांनी समाजाला सांगितले आणि मग ते करण्याची विद्या ते कामातूनच शिकले. अंजुमनची पहिली शाळा १८८० मध्ये सुरू झाली, म्हणजे स्थापनेनंतर सहा वर्षांनी. बोरीबंदर स्थानकासमोरची अंजुमनची देखणी इमारत उभी राहायला १८९३ साल उजाडले. बद्रुद्दीन पुढे संस्थेचे अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये या संस्थेने दीडशे वर्षे पुरी केली. आज तिच्या छत्राखाली शाळाच काय, अभियांत्रिकी आणि कायद्याची महाविद्यालयेही आहेत. शिक्षणसंस्था चालवणे म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे, त्या आपल्या संस्थेच्या हितचिंतकांना त्या पहिल्या सहा वर्षांचे मोल वेगळे सांगायला नको. शब्द देऊन बसल्यावर तो खरा करून दाखवण्याची ती वर्षे होती.

मुलींच्या बाबतीतही त्यांनी आधी घरात केले आणि मग समाजाला सांगितले. त्यांनी आपल्या मुलींना मुंबईत शिक्षण दिले आणि १९०४ मध्ये दोन मुलींना इंग्लंडमधील निवासी शाळेत पाठवले. १९०३ मध्ये मुंबईत भरलेल्या मोहमेडन एज्युकेशनल कॉन्फरन्सचे ते अध्यक्ष होते. त्या व्यासपीठावरून त्यांनी स्त्रीशिक्षणाचा आग्रह धरला आणि हिंदुस्थानात पाळला जाणारा पडदा इस्लामने सांगितलेल्या मर्यादेहून कितीतरी पुढे गेलेला आहे, असे मत मांडले. ते सर्वांना पटले नाही. परंतु ज्याने स्वतःच्या मुलींना शिकवले आहे, त्याच्या बोलण्याला वजन असते, हे त्यांच्या विरोधकांनाही नाकारता येत नव्हते.

आता त्यांच्या राजकीय आयुष्याकडे वळू. १८८२ मध्ये ते मुंबईच्या कायदेमंडळाचे सभासद झाले. प्रकृतीमुळे १८८६ मध्ये ते पद त्यांनी सोडले. १८८३ मध्ये इल्बर्ट बिलाचा वाद पेटला. हिंदी न्यायाधिकाऱ्याने युरोपियन आरोपीचा खटला चालवावा की नाही, हा त्यातला प्रश्न होता. मुंबईच्या टाउन हॉलमधील जाहीर सभेत फिरोजशहा मेहता, काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणि बद्रुद्दीन यांनी या बिलाच्या बाजूने भाषणे केली. पारशी, हिंदू आणि मुसलमान अशा या तिघांची त्रिमूर्ती मुंबईच्या सार्वजनिक जीवनात गाजली. १८८५ च्या आरंभी या तिघांनीच बाँबे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन केली. हिंदी माणसाला युरोपियनाचा न्याय करता येईल काय, या शंकेला बद्रुद्दीन यांचे हायकोर्टातले सोळा वर्षांचे काम हेच उत्तर होते.

१८८५ च्या डिसेंबरात मुंबईत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले, त्याला बद्रुद्दीन हजर राहू शकले नव्हते. आणि तरीही दोनच वर्षांनी, डिसेंबर १८८७ मध्ये, मद्रास येथे भरलेल्या तिसऱ्या अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. काँग्रेसचे ते पहिले मुस्लिम अध्यक्ष होत. ही जागा कायद्याच्या पुस्तकांतून शिकता येण्यासारखी नव्हती. त्या काळी सर सय्यद अहमद खान यांच्यासारखा आदरणीय नेता मुसलमानांनी काँग्रेसपासून दूर राहावे, असे सांगत होता. सर सय्यद वयाने सत्तावीस वर्षांनी वडील आणि अलीगढ कॉलेजचे संस्थापक. बद्रुद्दीन यांनी त्यांच्याशी पत्रव्यवहार केला, तो अदब राखून आणि मुद्दा न सोडता. जे प्रश्न सर्व हिंदवासीयांचे समान आहेत त्यांत मुसलमानांनी इतरांच्या खांद्याला खांदा लावून काम करावे. आणि जेथे मुसलमानांचे हित वेगळे पडेल तेथे आत राहूनच आपले म्हणणे मांडावे, असा त्यांचा पक्ष होता. एखाद्या विषयाला हिंदू किंवा मुसलमान प्रतिनिधींचा एकमुखी किंवा जवळजवळ एकमुखी विरोध असेल, तर तो विषय काँग्रेसने चर्चेला घेऊ नये, असा नियम पुढे १८८८ च्या अलाहाबाद अधिवेशनात झाला. त्यामागे त्यांचाच आग्रह होता.

येथे या चरित्रातला फारसा न सांगितला जाणारा एक प्रसंग सांगावासा वाटतो. एवढा खटाटोप करूनही समाजातला मोठा वर्ग आपल्याबरोबर येत नाही, हे बद्रुद्दीन यांच्या ध्यानात आले. तेव्हा ऑक्टोबर १८८८ मध्ये त्यांनी काँग्रेसचे सरचिटणीस ह्यूम यांना पत्र लिहून, निदान पाच वर्षे अधिवेशने स्थगित ठेवावीत असे सुचवले. मावळत्या अध्यक्षानेच अशी सूचना करावी, हे अनेकांना रुचले नाही आणि ती मान्यही झाली नाही. ती चूक होती की बरोबर, याचा वाद इतिहासकार करोत. आपल्याला त्यातून घ्यायचा तो धडा वेगळाच आहे. ज्याचा अधिकार पोकळ असतो, तो आपला अंदाज चुकला हे कधी कबूल करीत नाही. कारण कबूल केले की त्याच्यापाशी काही उरत नाही. बद्रुद्दीन आपल्या कामाचा ताळेबंद स्वतः मांडू शकले आणि तो तोट्याचा आहे हेही सांगू शकले. तरीही त्यांनी काँग्रेसशी नाते तोडले नाही. अंगरखा आता अंगाला बसला होता, याची ही खूण समजावी.

१८९५ मध्ये बद्रुद्दीन तय्यबजी मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. त्या आसनावर बसणारे ते पहिले मुसलमान. अठ्ठावीस वर्षांपूर्वी जेथे ते नवखे म्हणून उभे राहिले होते, तेथेच आता इतरांचे म्हणणे ऐकून निवाडा देण्याची पाळी त्यांच्यावर आली आणि लवकरच त्यांच्या कसोटीचा दिवस उगवला.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. प्लेग अधिकारी रँड यांच्या खुनानंतर सरकार खवळले आणि केसरीतील लिखाणाबद्दल लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली जुलै महिन्यात अटक झाली. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. हायकोर्टानेही पहिल्या खेपेला तो दिला नाही. खटला सेशन्सकडे सोपवला गेल्यावर ऑगस्टच्या आरंभी टिळकांचे बॅरिस्टर दिनशा दावर यांनी पुन्हा अर्ज केला. तो आला न्यायमूर्ती तय्यबजी यांच्यापुढे.

वाचकहो, त्या क्षणाचे वजन ओळखा. अर्जदार हा सरकारच्या डोळ्यांत सलणारा पुढारी होता. मुंबईत १८९३ मध्ये झालेल्या हिंदू-मुस्लिम दंगलींच्या जखमा अजून ओल्या होत्या आणि टिळकांच्या त्यानंतरच्या राजकारणाविषयी अनेक मुसलमानांच्या मनात नाराजी होती. स्वतः तय्यबजी नेमस्त विचारांचे. टिळकांचा मार्ग त्यांचा नव्हता. सरकारने नेमलेल्या मुसलमान न्यायाधीशाने जामीन नाकारला असता, तर त्यात कोणालाच नवल वाटले नसते. तय्यबजींनी फक्त कायदा पाहिला. जामिनाचा हेतू आरोपी खटल्याच्या वेळी हजर राहावा एवढाच असतो. हा आरोपी पळून जाईल असे मानायला जागा नाही. त्याला बचावाची तयारी करायची आहे. आणि उद्या तो निर्दोष ठरला, तर मध्यंतरी भोगलेली कैद त्याला कोण परत देणार? असा विचार करून त्यांनी टिळकांना जामिनावर मोकळे केले. पुढे सप्टेंबरात दुसऱ्या न्यायाधीशापुढे खटला चालून टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली, ही गोष्ट वेगळी. पण त्या जामिनाची आठवण महाराष्ट्र विसरला नाही.

याच कथेला पुढे एक विलक्षण वळण आहे. १८९७ मध्ये टिळकांचा जामीन मागणारे दावर पुढे स्वतः न्यायमूर्ती झाले. १९०८ मध्ये टिळकांवर पुन्हा राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा त्याच दावरांनी जामीन नाकारला आणि सहा वर्षांची शिक्षा सुनावली. आसन तेच आणि कायदाही तोच होता. अंगावरच्या झग्याने माणूस मोठा होत नाही, हे या दोन प्रसंगांवरून ज्याने त्याने ताडून पाहावे.

१९०२ मध्ये तय्यबजी यांनी मुंबई हायकोर्टाचे हंगामी मुख्य न्यायमूर्ती म्हणून काम पाहिले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय होत. ऑगस्ट १९०६ मध्ये लंडन येथे हृदयविकाराने त्यांचे देहावसान झाले. मृत्युसमयी त्यांचे वय बासष्टही पुरे नव्हते. ज्या शहरात सोळाव्या वर्षी ते विद्यार्थी म्हणून गेले होते, त्याच शहरात त्यांनी शेवटचा श्वास घेतला. अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो.

हा झाला मुंबईचा इतिहास. पण आपल्या मुलखाशीही त्याचा एक धागा जुळलेला आहे. बद्रुद्दीन यांची पुतणी अमिना हिचा विवाह अकबर हैदरी यांच्याशी झाला. १९०८ मध्ये हैदराबादेत मुसी नदीला महापूर आला, त्या वेळी अमिनाबेगमांनी मदतकार्यात मोठा भाग घेतला. अकबर हैदरी यांचा १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाच्या उभारणीत महत्त्वाचा वाटा होता आणि १९३७ ते १९४१ या काळात ते निजामी राज्याचे पंतप्रधान होते. त्या वेळी आपल्या अंबाजोगाईचे नाव मोमिनाबाद होते, येथे पूर्वी हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी असे आणि सरकारदरबारची भाषा उर्दू होती.

१७ सप्टेंबर १९४८ नंतर काळ पालटला. मोमिनाबाद पुन्हा अंबाजोगाई झाले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० पासून महाराष्ट्रात. उर्दूत शिकलेल्या कित्येक घरांना कचेरी, कोर्ट, शाळा या सर्व ठिकाणी नव्या भाषेत, नव्या रीतीने पुन्हा पहिल्यापासून उभे राहावे लागले. ज्यांनी आधी मराठी पक्की होऊ दे, मग बोलू, असे म्हटले, ते मागे राहिले. ज्यांनी अडखळत का होईना, पण मान वर करून बोलायला सुरुवात केली आणि घरी येऊन मुलांच्या पुस्तकातून धडे गिरवले, त्यांची मुले आज शिक्षक आहेत, वकील आहेत, डॉक्टर आहेत. आपली ही स्मरणिका मराठीत निघते, यामागेही त्या पिढीचे अडखळलेले आणि मग सावरलेले बोल आहेत. पहिलेपणाचे ओझे मुंबईच्या बॅरिस्टरने जसे वाहिले, तसे आपल्याही वाडवडिलांनी वाहिले आहे.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो आणि मुलींनो, या चरित्रातून दोन गोष्टी गाठीशी बांधून घ्या. पहिली ही, की पूर्ण येईपर्यंत थांबेन म्हणणाऱ्याची पाळी कधीच येत नाही. पहिला वकील, पहिली डॉक्टर, पहिला अधिकारी होणाऱ्याला कोणी आधीपासून मान्यता देऊन ठेवलेली नसते. म्हणून मुलाखतीच्या खोलीत, वर्गात, कोर्टात, कचेरीत ताठ उभे राहा, आपले नाव स्वच्छ सांगा, विचारलेल्या प्रश्नाला डोळ्याला डोळा देऊन उत्तर द्या. ठाऊक नसेल ते ठाऊक नाही हेही त्याच आवाजात सांगा. त्याने तुमची पत कमी होत नाही. दुसरी गोष्ट ही, की दाखवलेला आत्मविश्वास हे दिलेले वचन असते. रोग्याच्या नाडीवर ठेवलेला हात, पक्षकाराच्या कागदावर केलेली सही, वर्गात फळ्यावर मांडलेले गणित यांत दुसऱ्याचा विश्वास गुंतलेला असतो. तो विश्वास ज्या दिवशी घेतला, त्याच रात्री पुस्तक उघडले नाही, तर ती फसवणूक होते आणि फसवणुकीला कौमचे किंवा गरिबीचे निमित्त सांगता येत नाही.

पालकांनाही एक विनंती आहे. तुमचा मुलगा किंवा मुलगी आपल्या वयाहून मोठ्या गोष्टी बोलू लागली, मोठ्या जागेचे स्वप्न सांगू लागली, तर पायरी ओळखून राहा म्हणून त्यांना गप्प बसवू नका. ईदेचा कपडा तुम्हीच त्यांना वाढत्या अंगाने शिवून देता ना? मग हिंमतही तशीच द्या. बाह्या थोड्या लांब दिसतील, चार लोक हसतील. त्यांच्या ताटात पोटभर अन्न आणि हातात पुस्तक राहील एवढे आपण पाहू या. मुले वाढतीलच आणि कपडा अंगाला बसेलच, इन्शाअल्लाह.